पक्ष्याच्या फोटोवर अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा

हिवाळा सुरू झाला की सोलापुरातील हौशी पक्षी छायाचित्रकार सुट्टीच्या सकाळी नान्नजच्या माळावर, हिप्परगा तलावाच्या काठावर किंवा उजनी जलाशयाच्या उथळ पाण्याकडे निघतात, आणि दुपारपर्यंत त्यांचे फोटो एकमेकांच्या मोबाइलवर पोहोचलेले असतात. त्यांवर येणारी उत्तरे बहुधा ठरलेली असतात: ‘अप्रतिम’, ‘एक नंबर’, किंवा नुसतेच जोडलेले हात. ही दाद मनापासून दिलेली असते, परंतु पुढच्या वेळी वेगळे काय करावे हे तीतून फोटो काढणाऱ्याला कळत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला ‘फोकस गेला आहे’ किंवा ‘लेन्स बदला’ असे तुटक निकाल असतात, ज्यांत दोष सांगितलेला असतो पण त्याचे कारण नसते. अभिप्रायाचा कस लावण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: हा अभिप्राय वाचून समोरच्या माणसाला पुढच्या सकाळी माळावर एखादी गोष्ट बदलता येईल का? येणार असेल तर तो उपयोगाचा आहे, मग तो स्तुतीचा असो वा दोषाचा.

फोटो नीट पाहणे

अभिप्राय देण्याआधी फोटो ज्या अवस्थेत हाती आला आहे ती तपासावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि चंडोलाच्या पाठीवरच्या बारीक रेघांसारखा तपशील त्यात पुसला जातो; अशा फोटोला ‘शार्प नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्यामुळे तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्यावा, शक्य असेल तर संगणकाच्या पडद्यावर पाहावा, आणि क्रॉप केलेल्या, म्हणजे कडा कापलेल्या, फोटोबरोबर मूळ अखंड फ्रेमही पाहायला मागावी. भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर पाहून उजेडाबद्दल मत देऊ नये.

त्यानंतर फोटो कशासाठी काढला होता हे विचारावे. नोंदीसाठी काढलेला फोटो, पक्ष्याचे व्यक्तिचित्र, त्याच्या वागण्याचा एखादा क्षण आणि अधिवासासह दिसणारा पक्षी ही चार वेगळी कामे आहेत, आणि एकाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही. नान्नजला माळढोक आता इतका दुर्मीळ झाला आहे की लांबून, पुसट, फ्रेमच्या कोपऱ्यात टिपलेला त्याचा फोटोदेखील मोलाची नोंद ठरेल. त्यावर ‘थोडे जवळून घ्यायला हवे होते’ असे लिहिणे निरर्थक तर आहेच, शिवाय ते धोकादायकही आहे, कारण ते वाचून दुसरा कोणी खरोखरच जवळ जाण्याचा प्रयत्न करील.

‘शार्प नाही’ याची चार कारणे

पक्ष्यांच्या फोटोंत सर्वांत जास्त सांगितला जाणारा आणि सर्वांत कमी समजावला जाणारा दोष म्हणजे अस्पष्टपणा. तो चार वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि चारही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने येथे थोडा अधिक वेळ द्यावा.

पक्षी पुसट आहे, पण त्याच्या पुढची किंवा मागची गवताची पाती स्पष्ट आहेत, असे दिसले तर फोकस चुकलेला आहे. माळावर हे फार होते, कारण कॅमेरा पक्ष्याऐवजी मधल्या गवताला पकडतो. अशा वेळी फोकसचा बिंदू लहान ठेवून तो डोळ्यावर धरायला सांगावे. फ्रेममधले सगळेच एका दिशेला ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला आहे. शटरचा वेग वाढवणे किंवा गाडीच्या खिडकीवर वाळूची पिशवी ठेवून लेन्सला आधार देणे हा त्यावरचा उपाय आहे. बसायची फांदी स्पष्ट आहे आणि पक्ष्याचे डोके किंवा पंख मात्र फराटल्यासारखे आहेत, तर पक्षी हललेला आहे. शांत बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, पण उडत्या वेड्या राघूसाठी दोन हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो.

चौथे कारण आपल्या भागात वारंवार आढळते आणि त्याचेच निदान सर्वांत जास्त चुकते, ते म्हणजे तापलेल्या हवेची थरथर. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि उघड्या माळाची जमीन सकाळी लवकरच तापू लागते. जमिनीलगतच्या गरम हवेतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो आणि लांबच्या पक्ष्याच्या कडा पाण्यातून पाहिल्यासारख्या होतात. अशा फोटोत कुठलीच गोष्ट पूर्ण स्पष्ट नसते, आणि एकापाठोपाठ काढलेल्या फ्रेम शेजारी ठेवल्या तर प्रत्येकीत पक्ष्याचा आकार किंचित वेगळा दिसतो. येथे महाग लेन्सही काही करू शकत नाही. उलट लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितक्या दूरच्या पक्ष्याचा मोह पडतो आणि मधला गरम हवेचा पट्टा वाढतो. म्हणून ‘लेन्स बदला’ हा सल्ला देण्यापूर्वी फोटो किती वाजता आणि किती अंतरावरून घेतला हे विचारावे. दहा वाजता काढलेल्या फोटोवर योग्य अभिप्राय असा असतो: ‘हाच पक्षी सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात पाहा.’ एखाद्याचे हजारो रुपये या एका वाक्याने वाचू शकतात.

उजेड, डोळा आणि पार्श्वभूमी

उजेडाबद्दल बोलताना कॅमेरा कसा विचार करतो हे सांगितले की अभिप्राय लक्षात राहतो. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी उजेडाकडे ओढतो. हिप्परग्याच्या गडद पाण्यावर उभा असलेला पांढरा बगळा म्हणूनच पांढराफटक जळतो आणि त्याच्या पिसांतील तपशील नाहीसा होतो, तर फिक्या आकाशापुढे घिरट्या घालणारी कापशी काळपट आकृती होऊन बसते. पहिल्याला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी करायला सांगावे, दुसऱ्याला वाढवायला. बगळ्याचा जळालेला भाग नंतर संगणकावर परत आणता येत नाही, हेही आवर्जून सांगावे, म्हणजे फोटो काढणारा जागेवरच हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहील.

डोळ्याची तीक्ष्णता आणि त्यातला प्रकाशाचा ठिपका यांवर पक्ष्याचा जिवंतपणा बराच अवलंबून असतो. पार्श्वभूमीविषयी बोलताना ‘मागे गर्दी आहे’ एवढे म्हणून थांबू नये. ‘बाभळीची फांदी बरोबर खाटीक पक्ष्याच्या डोक्यामागून निघाली आहे, गाडी दोन हात पुढे घेतली असती तर ती बाजूला गेली असती’ असे सांगावे. कॅमेरा जमिनीजवळ आणला की मागचे गवत दूर जाते आणि पुसट होते, ही माळावरची सर्वांत सोपी आणि कमी वापरली जाणारी युक्ती आहे. रचनेच्या बाकीच्या नियमांवर मी फार वेळ घालवत नाही. पक्षी ज्या दिशेला पाहतो तिकडे थोडी जागा सोडावी, एवढे सांगितले तरी सुरुवातीला पुरे.

रंगांच्या बाबतीत मात्र थोडे कठोर व्हावे. उजनीला येणाऱ्या मोठ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अंग बरेचसे पांढरट असते, त्यावर गुलाबी छटा हलकी असते, गडद गुलाबी रंग पंखांवर असतो आणि पंखांच्या कडा काळ्या असतात. लहान वयाचे पक्षी तर राखाडी-मळकट दिसतात. संगणकावर सगळा थवा गुलाबी करून टाकलेला फोटो पाहिला तर ‘रंग छान’ म्हणू नये. जो पक्षी पाहिलाच नाही तो दाखवला जात आहे, हे सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगावे. त्याचप्रमाणे निसर्ग विभागातील स्पर्धेसाठी फोटो तयार होत असेल तर मधली काडी पुसली आहे का, हे आधीच विचारावे, कारण फ्रेममधली वस्तू काढणे, घालणे किंवा हलवणे अशा विभागांत सहसा चालत नाही. क्रॉप करणे चालते.

पक्षी उडाला की उडवला?

अभिप्रायाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंख पसरून, चोच उघडून, कॅमेऱ्याकडे झेपावणाऱ्या टिटवीचा फोटो पाहिला की लोक ‘काय मुद्रा पकडली आहे!’ म्हणून दाद देतात. ती मुद्रा बहुतेक वेळा धोक्याच्या इशाऱ्याची असते: जवळपास तिची अंडी किंवा पिल्ले आहेत आणि फोटो काढणारा फार जवळ गेला आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि कडक उन्हात ती अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. आई उठून ओरडत फिरत राहिली की तेवढा वेळ अंडी उन्हात तापत राहतात. अशा फोटोला दाद देणे म्हणजे दुसऱ्या कोणाला तसाच फोटो काढायला पाठवणे आहे. येथे अभिप्राय असा द्यावा: ‘ही टिटवी घाबरलेली दिसते. ती ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे आणि ती परत बसल्याचे लांबून पाहावे.’

उजनीवर रोहितांचा थवा एकदम उडतानाचे फोटो येतात. त्यांतले काही पक्षी आपणहून जागा बदलतानाचे असतात, आणि काही होडी थेट थव्यावर नेल्यामुळे उठलेले असतात. ‘उडाले की उडवले?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. मात्र तो आरोपाच्या सुरात विचारू नये, कारण पुष्कळदा होडीवाल्या मामांना लांबच इंजिन बंद करायला सांगता येते, हे नवख्याला सुचलेलेच नसते. हे सांगणे हाही अभिप्रायच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे, त्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. म्हणून घरट्यावरच्या फोटोची तांत्रिक चर्चा मुळी सुरूच करू नये, आणि माळावर घरटे करणाऱ्या किंवा दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा सर्वांसमोर विचारू नये.

शब्द आणि नाते

आता एक नमुना पाहू. समजा, शेजारचे निवृत्त काका नान्नजहून धाविक या माळावरच्या पक्ष्याचा फोटो घेऊन आले आहेत. धाविक गवतातून छोट्या छोट्या धावा घेतो, थांबतो, ताठ उभा राहतो आणि पुन्हा धावतो. त्याचा गडद डोळा काळ्या पट्टीत असतो आणि वर पांढरी भुवई असते, त्यामुळे डोळ्यात उजेडाचा ठिपका नसला तर डोळा त्या पट्टीत पूर्ण हरवतो. काकांच्या फोटोत नेमके तेच झाले आहे. ‘डोळा दिसत नाही’ एवढेच म्हटले तर काका हिरमुसतील आणि शिकणार काहीच नाहीत. त्याऐवजी असे लिहिता येते:

‘काका, धाविक धावता धावता थांबतो तो क्षण तुम्हाला नेमका मिळाला आहे, आणि कॅमेरा खाली धरल्यामुळे मागचा माळ सुरेख पुसट झाला आहे. ऊन त्याच्या मागून येत असल्याने डोळा मात्र काळ्या पट्टीत बुडाला आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी गाडी लावली आणि त्याने मान उजेडाकडे वळवेपर्यंत वाट पाहिली, तर डोळ्यात चमक येईल असे वाटते. शटर किती ठेवला होता?’

या निरोपातले कौतुकही नेमके आहे. कॅमेरा खाली धरल्याचा फायदा काकांना कळला, म्हणजे ते पुढच्या वेळी ती गोष्ट मुद्दाम करतील. दोष एकच सांगितला आहे, जरी फोटोत आणखी दोन-तीन असले तरी. एका वेळी सहा सूचना दिल्या की माणूस एकही पाळत नाही. शेवटचा प्रश्न खरा आहे, त्याचे उत्तर हवे आहे, आणि त्यामुळे बोलणे पुढे चालू राहते.

वयाने मोठ्या माणसाला चूक दाखवणे आपल्याकडे अवघड जाते, आणि म्हणून तरुण मंडळी मोठ्यांच्या फोटोवर केवळ ‘सर, मस्त’ असे लिहून मोकळी होतात. आदर राखूनही मुद्दा सांगता येतो. तो सर्वांसमोर न सांगता एकट्याला फोन करून किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भेटल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावरच सांगावा. महाविद्यालयातल्या मुलाला मोठ्यांनी सांगताना उलट काळजी घ्यावी. ‘तुला अजून खूप शिकायचे आहे’ हे वाक्य खरे असले तरी त्यातून काही शिकता येत नाही. त्याच्याकडे साधी लेन्स असेल तर त्या लेन्समध्ये बसेल असाच उपाय सुचवावा: तलावावरचे वंचक आणि पाणकावळे माणसांना सरावलेले असतात, त्यांचे फोटो लहान लेन्सनेही चांगले येतात.

पक्ष्याचे नाव चुकले असेल तर बरोबर नाव देऊन थांबू नये, ओळखीची खूण सांगावी. ‘ही माळटिटवी आहे’ यापेक्षा ‘डोळ्यापुढचा लोंबता भाग पिवळा आहे, काळ्या टोपीखाली पांढरी कड आहे आणि छाती काळी नसून तपकिरी आहे, म्हणून ही माळटिटवी वाटते’ हे अधिक उपयोगी आहे. भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या माद्या आणि लहान वयाचे पक्षी ओळखताना अनुभवी लोकही थबकतात. तेथे खात्री नसेल तर ‘भोवत्या, मादी असावी’ एवढ्यावर समाधान मानावे आणि समोरच्यालाही तसेच लिहिण्याचा सल्ला द्यावा.

अभिप्राय घेताना

चांगला अभिप्राय मिळण्याची अर्धी जबाबदारी मागणाऱ्याची असते. वीस फोटो एकदम पाठवून ‘कसे वाटले सांगा’ म्हटले तर कोणीही नीट पाहत नाही. एक किंवा दोन फोटो निवडावेत, सोबत शटर, ॲपर्चर (लेन्समधील छिद्राचा आकार), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता), वेळ, अंदाजे अंतर आणि किती क्रॉप केला आहे हे लिहावे, आणि आपला प्रश्न नेमका विचारावा. ‘मागचे दगड खटकतात का?’ किंवा ‘पंखाचे टोक हलले आहे, ते चालेल का?’ असे विचारले की उत्तरही तितकेच नेमके येते. फोटो काढल्या दिवशी न पाठवता दोन दिवस थांबून पाठवणे चांगले, कारण तोपर्यंत आपलाही उत्साह निवलेला असतो आणि निम्मे दोष आपल्यालाच दिसू लागतात.

अभिप्राय आला की लगेच खुलासा देऊ नये. तीन तास उन्हात बसलो होतो, वारा होता, पक्षी दोनच क्षण थांबला, हे सगळे खरे असते, पण पाहणाऱ्याला फोटोत ते दिसत नाही आणि दिसणारही नाही. आधी पूर्ण ऐकावे, वहीत उतरवावे आणि मग दोन भाग करावेत. पांढरे जळणे, फोकस गवतावर जाणे, क्षितिज तिरके होणे या तपासता येण्याजोग्या गोष्टी आहेत; फोटो मोठा करून पाहावा आणि खरे असेल तर मान्य करावे. क्रॉप आणखी घट्ट हवा, रंग थोडे उबदार हवेत, ही मात्र आवड आहे. मला स्वतःला पक्षी लहान आणि माळ मोठा दिसणारे फोटो आवडतात, आणि कोणी ‘आणखी जवळ आणा’ म्हटले तरी मी तसे करत नाही. पण एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकच गोष्ट दाखवली, तर ती आवडीची असली तरी पुन्हा विचार करावा.

कधी कधी अभिप्राय बोचरा येतो. त्यातला सूर बाजूला ठेवून माहिती तेवढी उचलावी. ‘हा फोटो डिलीट कर’ या वाक्यात माहिती नसते, तेव्हा ‘नेमके काय खटकले?’ असे एकदाच विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पुढे जावे. पक्ष्याला त्रास झाल्याचे कोणी दाखवून दिले तर मात्र बचाव करू नये. तो फोटो पुढे पाठवणे थांबवावे आणि कोणी तो आधीच मागून घेतला असेल तर त्यालाही कळवावे.

मिळालेल्या सूचनेचा सराव सोप्या ठिकाणी करावा. एक्स्पोजरची सूचना असेल तर सिद्धेश्वर तलावावरच्या बगळ्यांवर ती एकाच सकाळी अनेकदा आजमावता येते. त्यासाठी उजनीपर्यंत जाण्याची गरज नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर वाढवायचा असेल तर घारींवर सराव करावा, त्या शहरात सगळीकडे घिरट्या घालत असतात. मग ज्याने सूचना दिली त्यालाच जुना आणि नवा असे दोन फोटो शेजारी ठेवून पाठवावेत आणि सोबत काय बदलले ते लिहावे: ‘आधी एक्स्पोजर शून्यावर होते, या वेळी एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी केला, पिसे दिसत आहेत, पण पाणी फार काळे झाले का?’ असा निरोप मिळाला की सांगणाऱ्यालाही आपला सल्ला बरोबर होता की नाही ते पडताळता येते, आणि नसेल तर तो दुरुस्त करता येतो.